कोरोनाच्या अँटीबॉडी आपलंच शरीर खातात का? जरा सविस्तरच सांगते

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ताईला मे २०२१ मध्ये कोरोना झाला, नंतर लसीचे दोन डोस झाले, आता वर्षभर सकाळी उठलं की बोटं आखडतात, कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं तर एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्ध अँटीबॉडी आहेत का बघायची टेस्ट) पॉझिटिव्ह आला आणि त्याच रिपोर्टात कोरोनाच्या अँटीबॉडी अडीचशेच्या वर. मग एक व्हिडिओ आला की याच अँटीबॉडी आता आतून अवयव खातायत. तर त्या अंगातून काढून टाकायला काही औषध आहे का, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देते, मग कारण. तसल्या औषधाची ताईला गरज नाही, आणि त्या अडीचशेच्या आकड्याचा बोटांशी काही संबंध नाही. पण व्हिडिओवाल्यानं सगळंच हवेतून काढलंय असंही नाही, त्यात एक खरा धागा आहे, त्याला ओढून ओढून त्यानं अख्खी चादर विणलीय. मी सोलापुरात बावीस वर्षं संधिवात आणि ऑटोइम्यून आजारांचे पेशंट बघतेय, म्हणजे शरीरच शरीरावर उठतं ते आजार, आणि २०२१ नंतर हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी येतोच, मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, सगळ्या भाषांत.

पहिली साधी गोष्ट. जून-जुलै २०२१ मध्ये आयसीएमआरनं देशभर चौथी पाहणी केली तेव्हाच ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या. त्यानंतर लस झाली, ओमिक्रॉन येऊन गेला, आता तुमच्या, माझ्या, कोपऱ्यावरच्या चहावाल्याच्या अंगात त्या आहेतच की. त्या नुसत्या असण्यानं अवयव खात असत्या तर अशोक चौकापासून सात रस्त्यापर्यंत सगळं गाव खाटेला लागलं असतं. म्हणून रिपोर्टात आकडा मोठा आला की घाबरायचं नाही. ती टेस्ट तुम्ही विषाणूला कधीतरी भेटलात, किंवा लस घेतलीत, एवढंच सांगते.

आता खरा धागा कुठला ते बघू. अँटीबॉडी म्हणजे वाय आकाराचं प्रोटीन, वरच्या दोन टोकांनी ती विषाणूचा एक बारकासा तुकडा ओळखून पकडते, आख्खा विषाणू तिला दिसतच नाही. म्हणजे समजा तुम्ही माणसाला सांगितलं की ज्या चादरीच्या किनारीला असा मोर असेल ती चोरीची, उचल. तो चादर बघणार नाही, फक्त मोर बघणार. आता जकार्डवर तोच मोर दुसऱ्या कारखान्यातल्या चादरीवर पण उतरला असेल तर? तीही उचलणार. याला मॉलिक्युलर मिमिक्री म्हणतात आणि हे काही कोरोनानं नवीन आणलेलं नाही. घसा दुखल्यावर नीट औषध न केल्यानं पुढं हृदयाच्या झडपा खराब झालेले पेशंट तुम्ही पाहिले असतील, दर एकवीस दिवसांनी पेनिड्युरचं इंजेक्शन घेतात ते. तिथं हेच झालेलं असतं, स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या अंगावरचं एम प्रोटीन आणि आपल्या हृदयाच्या स्नायूतलं मायोसिन यांच्यात साम्य असतं, जिवाणूसाठी निघालेला मोर्चा हृदयावर जातो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची, म्हणजे शरीरच नसांवर उठून हातापायांतली ताकद जाते त्या आजाराची, साथ आली, आपल्याकडं पण तेव्हा केवढी घबराट पसरली होती, त्यातही कॅम्पायलोबॅक्टर नावाचा पोटात जाणारा जिवाणू बऱ्याच पेशंटमध्ये निघाला आणि त्याच्या अंगावरचा एक पदार्थ आपल्या नसांवरच्या पदार्थासारखा दिसतो, म्हणून जुलाब थांबले आणि आठवड्यानं पायातली ताकद गेली असं होतं.

मग कोरोनाच्या बाबतीत असा मोर आहे का? इथंच खरी गंमत आहे आणि इथंच लोक फसतात.

२०२१ च्या सुरुवातीला वोजदानी नावाच्या संशोधकाचा एक पेपर आला. त्यांनी कोरोनाच्या प्रोटीनविरुद्धच्या तयार अँटीबॉडी घेतल्या आणि माणसाच्या ५५ प्रकारच्या ऊतींमधल्या प्रोटीनवर सोडल्या, तर २८ जागी त्या कमी-जास्त चिकटल्या. थायरॉइड, आतडं, मेंदू, सांधे, स्नायू, सगळं त्यात होतं. झालं, व्हिडिओवाल्यांना आयतं कोलीत. आता हे खोटं नाही, चिकटल्या हे खरंच आहे. पण कुठं चिकटल्या? प्लास्टिकच्या प्लेटवर. तिथं प्रोटीन उघडं पसरलेलं असतं. जिवंत शरीरात यातली कितीतरी प्रोटीनं पेशीच्या आत असतात, अँटीबॉडी तिथपर्यंत पोचतच नाही, पेशीचं आवरण मध्ये आहे ना. शिवाय पाच-सहा अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रोटीन ज्या मण्यांनी बनतं त्यांचं, साम्य शोधायला निघालं तर कुठल्याही विषाणूचं माणसाशी सापडतं, सगळं विणकाम शेवटी त्याच वीस धाग्यांचं. चिकटणं वेगळं, इजा करणं वेगळं. इजा सिद्ध करायची तर ती अँटीबॉडी आजारी माणसात सापडली पाहिजे, तशाच पण आजारी नसलेल्यात सापडता कामा नये, आणि ती प्राण्याला दिल्यावर तिथंही काहीतरी बिघडलं पाहिजे. एवढं सगळं जुळणारी उदाहरणं थोडी आहेत.

जीबीएसचंच घ्या. २०२० मध्ये इटलीतून कोरोनानंतर जीबीएस झालेल्या पेशंटची माहिती आली तेव्हा आम्ही सगळेच टेन्शनमध्ये होतो. नंतर इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी आख्ख्या देशाचा हिशेब काढला तर त्या वर्षी जीबीएस वाढला नव्हता, उलट कमी झाला होता. लोक घरात, हात धुतायत, बाहेरचं खाणं बंद, मग कॅम्पायलोबॅक्टर कुठून येणार! विषाणूच्या आणि नसांच्या प्रोटीनमध्ये दखल घेण्यासारखं साम्यही त्यांना सापडलं नाही.

उलट बाजूनं, एक उदाहरण मात्र जवळजवळ पक्कं आहे, ते लहान मुलांचं. दुसऱ्या लाटेनंतर बरेच आईबाप मुलांना घेऊन बालरोगतज्ज्ञांकडं पळत होते आठवतंय का, कोरोना होऊन दोन ते सहा आठवडे झाले, पोरगं बरं झालं म्हणून घरच्यांनी सुस्कारा सोडला आणि अचानक चार-पाच दिवस उतरत नाही असा ताप, डोळे लाल, अंगावर पुरळ, पोटात इतकं दुखतंय की अपेंडिक्स वाटावं. याला एमआयएस-सी म्हणतात. कित्येकांना आधी टायफॉइड म्हणून औषधं झाली होती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी नेचर या नियतकालिकात दाखवलं की अशा १९९ मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलांच्या रक्तात एसएनएक्स८ नावाच्या आपल्याच प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी होत्या, आणि विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिडचा, म्हणजे त्याच्या आतल्या एका प्रोटीनचा, एक छोटा भाग त्या प्रोटीनसारखा निघाला. नुसत्या अँटीबॉडीच नाही, दोन्हीकडं ओळख दाखवणाऱ्या टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या फळीतल्या शिपाई पेशी, पण सापडल्या. म्हणजे मोर सापडला. पण तोही एक तृतीयांशात, बाकीच्या मुलांचं काय ते अजून उलगडायचंय, आणि हा आजार झालेली मुलं मुळात संसर्ग झालेल्यांत अगदी थोडी. आणि बघा, हा तुकडा न्यूक्लिओकॅप्सिडचा आहे, कोविशील्ड लसीत फक्त स्पाइकची, म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या काट्यांच्या प्रोटीनची, कृती होती, न्यूक्लिओकॅप्सिड नव्हतंच.

इथवर मिमिक्री. पण अँटीबॉडी आपल्या ऊतीला न चिकटताही घोळ घालू शकते, हे व्हिडिओत कुणी सांगत नाही. तिच्या खालच्या दांडीला मॅक्रोफेजसारख्या, जंतू गिळणाऱ्या पेशी येऊन धरतात आणि तापतात. २००३ च्या सार्सचा विषाणू कोरोनाचाच भाऊ, जगात साधारण आठ हजार लोकांना झाला आणि ७७४ गेले. त्याच्यावर माकडांत केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये, म्हणजे आपला कोरोना यायच्या काही महिने आधी, छापून आला. माकडांना आधी स्पाइकविरुद्धच्या अँटीबॉडी दिल्या, मग विषाणू दिला. विषाणू कमी झाला पण फुप्फुसं जास्त बिघडली! कारण जखम भरायला आलेले मॅक्रोफेज दुरुस्ती सोडून जाळपोळ करायला लागले. मांजरांच्या कोरोनाची तर जुनी गोष्ट, १९९० मध्ये स्पाइकवाली प्रायोगिक लस दिलेली पिल्लं संसर्गानंतर लस न दिलेल्यांपेक्षा लवकर मेली. म्हणून २०२० मध्ये लस बनवणारे शास्त्रज्ञ याच गोष्टीला सगळ्यात जास्त भीत होते, हे लपवायचं काही कारण नाही.

माणसांत पुढं असंही दिसलं की गंभीर कोविड झालेल्यांच्या अँटीबॉडीच्या दांडीवर फ्यूकोज नावाची एक साखर कमी असते (ही डायबेटिसवाली साखर नव्हे, दर वेळी कुणीतरी विचारतं म्हणून सांगून ठेवते) आणि ती नसली की त्या पेशींची पकड घट्ट बसते, भडका मोठा होतो. म्हणजे अँटीबॉडी किती आहे यापेक्षा ती कशी बनलीय हे महत्त्वाचं. तुमच्या रिपोर्टातला अडीचशे हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

पण भीती प्रत्यक्षात किती उतरली? प्लाझ्मा आठवा. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि परत एप्रिल २०२१ मध्ये लोक रात्री दोन-दोनला ब्लड बँकेबाहेर बसलेले, ओ पॉझिटिव्ह प्लाझ्मा पाहिजे म्हणून माझ्या फोनवर रोज वीस मेसेज. प्लाझ्मा म्हणजे काय, दुसऱ्याच्या कोरोना अँटीबॉडी बाटलीनं देणं. अँटीबॉडीनं आजार भडकत असता तर तिथं दिसलाच असता. आयसीएमआरनं ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर प्लॅसिड नावाची चाचणी केली, प्लाझ्मानं फायदा झाला नाही, पण मांजरांसारखा भडकाही उडाला नाही. मे २०२१ मध्ये सरकारनं उपचाराच्या यादीतून प्लाझ्मा काढला तो उपयोग नाही म्हणून. लोकांनी त्यासाठी दागिने मोडले होते, ते सोडा.

आता तिसरा प्रकार, आणि माझ्या मते प्रौढ माणसांत सगळ्यात जास्त नुकसान यानं केलं. यात कोरोनाविरुद्धची अँटीबॉडी गुन्हेगार नाहीच, गोंधळात तयार झालेल्या किंवा आधीपासून दबा धरून बसलेल्या दुसऱ्याच अँटीबॉडी असतात.

इंटरफेरॉनचं बघा. विषाणू शिरला की पेशी पहिल्यांदा इंटरफेरॉन सोडते. जुन्या सोलापूरकरांना मिलचा भोंगा आठवत असेल, भोंगा वाजला की गाव उठायचं. इंटरफेरॉन हा तसा भोंगा. काही लोकांच्या रक्तात या भोंग्यातच बोळा कोंबणाऱ्या अँटीबॉडी असतात. २०२० मध्ये कासानोव्हा आणि बास्टार्ड यांच्या गटानं जिवावर बेतलेल्या ९८७ कोविड पेशंटचं रक्त तपासलं, १०१ जणांत अशा अँटीबॉडी सापडल्या, त्यातले ९५ पुरुष. लक्षणं नसलेल्या किंवा सौम्य आजार असलेल्या ६६३ जणांत एकालाही नाही. आणि काहींचे कोरोनाच्या आधीचे रक्ताचे नमुने साठवलेले होते, त्यातही त्या निघाल्या, म्हणजे कोरोनानं त्या बनवल्या नव्हत्या, आधीच होत्या. पुढच्या वर्षी कळलं की सत्तरीच्या पुढच्या साधारण चार टक्के लोकांत त्या असतात. एकाच घरात सून-मुलगा तापावर निभावले आणि धडधाकट आजोबा चार दिवसांत गेले, असं का झालं याचं एक उत्तर मला तेव्हा मिळालं. सगळ्याच आजोबांचं नाही, पण काहींचं.

दुसरं, रक्ताच्या गाठी. फॉस्फोलिपिड (पेशीच्या आवरणातला स्निग्ध पदार्थ) याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी आम्ही एरवी वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांत किंवा कमी वयात पॅरालिसिस झालेल्यांत तपासतो. मिशिगनच्या डॉक्टरांनी कोविडनं भरती असलेल्या १७२ जणांत बघितलं तर ५२ टक्क्यांत यातली कुठली ना कुठली होती, कटऑफ कडक केला तर ३० टक्क्यांत, आणि अशा पेशंटच्या अँटीबॉडी उंदरांना दिल्यावर उंदरांत गाठी वाढल्या. हे मी वर म्हटलं तसं पूर्ण पुराव्याच्या अगदी जवळ जाणारं. पण संसर्गात आलेल्या या अँटीबॉडी बऱ्याचदा विरून जातात, म्हणून आमचा नियम आहे, बारा आठवड्यांनी परत तपासायचं आणि मगच शिक्का मारायचा. एका टॉवेल कारखान्यातल्या काकांना कोविड वॉर्डात असताना पॉझिटिव्ह आला म्हणून कुणीतरी आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी सांगितली होती, चार महिन्यांनी परत केला तर निगेटिव्ह, एवढ्या दिवसांत दोनदा हिरड्यांतून रक्त आलेलं.

लसीचं पण सांगते, टाळत नाही. कोविशील्डसारख्या लसीनंतर फार क्वचित प्लेटलेट कमी होऊन मेंदूच्या शिरेत गाठ होत होती, २०२१ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या ग्राइनाखर यांच्या गटानं कारण दाखवलं, पीएफ४ नावाच्या आपल्याच प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी. ही आजार करणारी अँटीबॉडी खरीच. पण स्पाइकविरुद्धच्या अँटीबॉडी पीएफ४ला चिकटत नाहीत हेही त्यांनी तपासून दाखवलं, म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी. आणि हे व्हायचं ते डोसनंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत. २०२४ मध्ये लस काढणाऱ्या कंपनीनं लंडनच्या कोर्टाच्या कागदांत हा क्वचित होणारा दुष्परिणाम कबूल केल्याची बातमी आली आणि मे महिन्याच्या त्या उन्हात लोक डी-डायमर, म्हणजे अंगात गाठी होतायत का याचा अंदाज देणारी टेस्ट, करायला लॅबबाहेर रांगेत उभे, डोस घेऊन तीन वर्षं झालेली! मी सांगून दमले की आता त्याचा अर्थ लागत नाही, पण ऐकतंय कोण, बाराशे रुपये घालून यायचे आणि मग त्या रिपोर्टाची भीती घालवायला मला अर्धा तास.

लाँग कोविड, म्हणजे कोरोना बरा झाल्यावरही महिनोन् महिने राहणारा त्रास, त्याबद्दल थोडक्यातच, कारण तिथं जमीन अजून ओली आहे. २०२४ मध्ये अॅमस्टरडॅम आणि येल इथल्या गटांनी लाँग कोविडच्या पेशंटच्या अँटीबॉडी उंदरांना दिल्या तर उंदीर जास्त दुखणं दाखवायला लागले. आशा वाटावी असं काम आहे. पण त्याच वर्षी, अशा अँटीबॉडींना निकामी करणारं बीसी ००७ नावाचं औषध चाचणीत खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही.

आता ताईकडं येऊ. कोरोनानंतर ऑटोइम्यून आजार वाढले का? जर्मनीतल्या विम्याच्या नोंदीत २०२० मध्ये कोरोना झालेल्या साडेसहा लाखांच्या आसपास लोकांना न झालेल्यांशी ताडून पाहिलं तर हजार माणसांमागे वर्षाला साडेदहाच्या जागी पंधरा नवे ऑटोइम्यून आजार निघाले. वाढ आहे, पण हजारातल्या नऊशे पंच्याऐंशींना काही झालं नाही, आणि कोरोना झालेला माणूस डॉक्टरकडं जास्त जातो म्हणून आजार जास्त सापडतो हाही भाग त्यात आहेच. त्यामुळं ताईला संधिवात असूच शकत नाही असं मी म्हणणार नाही, पण मे २०२१ चा कोरोना आणि त्यानंतर इतक्या काळानं सुरू झालेलं दुखणं यांची गाठ मारायला मी तयार नाही.

एएनए पॉझिटिव्ह म्हणजे काय तेही बघा. १:४० ला, म्हणजे रक्त चाळीस पट पातळ करून, मोजलं तर धडधाकट माणसांतही साधारण तीस टक्के पॉझिटिव्ह येतात, १:१६० ला पाच टक्के. तुम्ही टायटर, म्हणजे किती पट पातळ केल्यावरही पॉझिटिव्ह आला तो आकडा, लिहिलेलाच नाही, नुसतं पॉझिटिव्ह लिहिलंय. टायटर आणि पॅटर्न दोन्ही बघा रिपोर्टात, नसेल तर लॅबला विचारा, एलायझानं केला की इम्युनोफ्लुरोसन्सनं, म्हणजे दोनपैकी कुठल्या पद्धतीनं, ते पण. माझा पहिला संशय वेगळाच आहे, ताईला मधल्या काळात चिकुनगुनिया झाला होता का? दोन-तीन दिवस कडक ताप, सांधे धरलेले, घरात आणखी कुणाला तसंच? त्याच्यानंतर बोटं महिनोन् महिने आखडतात. दुसरा संशय सरळ संधिवाताचा, त्यासाठी आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी. तिसरा थायरॉइड, टीएसएच करून घ्या. आखडलेली बोटं सुटायला सकाळी किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघा, दहा मिनिटं आणि एक तास यात फार फरक आहे, आणि बोटाच्या मधल्या सांध्याला सूज आहे का ते दाबून बघा.

राहिलं अँटीबॉडी काढून टाकायचं. प्लाझ्मा बदलता येतो, रिटुक्सिमॅबसारखं इंजेक्शनही आहे, मी ते देते, पण ज्याची किडनी किंवा फुप्फुस खरंच ऑटोइम्यून आजारानं जातंय त्याला. ते कोरोनाच्याच अँटीबॉडी वेचून काढत नाही, गहू-खडे सगळं एकदमच जातं, आणि रिटुक्सिमॅबवर असलेल्या पेशंटना कोविड जास्त जड गेला हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. शरीर स्वतःच दर एकवीस दिवसांनी आयजीजी, म्हणजे रक्तातली मुख्य अँटीबॉडी, अर्धी करत असतं आणि लागेल तशी नवीन बनवत असतं. आणि कुणी डिटॉक्स सलाईन किंवा अँटीबॉडी साफ करायच्या पुड्या देत असेल तर घेऊ नका हो. मागच्या वर्षी एक बाई अशाच पुड्या खाऊन आल्या, आठवड्यात दुखणं गायब म्हणून खूश, तोंड सुजलेलं, शुगर साडेतीनशे. पुडीत स्टिरॉइड होतं, दुसरं काय.

ताईला घेऊन या, माझ्याकडं नाही तर सिव्हिलला मेडिसिन ओपीडीत दाखवा, तिथंही हे सगळं बघतात. येण्याआधी आठवडाभर दुखण्याच्या गोळ्या शक्य तितक्या कमी घ्या म्हणजे सूज नीट दिसेल, आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी आणा, मधल्या काळात चिकुनगुनियासारखा ताप आला असेल आणि त्या वेळचे कागद असतील तर ते वर ठेवा.